मेक्लेनबर्ग, १७७५ : २० मेचा जाहीरनामा आणि ३१ मेचे ठराव

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या झेंड्यावर २० मे १७७५ ही तारीख आहे. त्या दिवशी त्या राज्यातील मेक्लेनबर्ग काउंटीतील (जिल्ह्यातील) पुढाऱ्यांनी शार्लट गावी जमून ब्रिटनपासून स्वतंत्र झाल्याचा जाहीरनामा काढला, असे तेथे अभिमानाने सांगितले जाते. त्याच गावात ३१ मे रोजी काउंटीच्या समितीने वीस ठराव केले. गाव आणि महिना एकच असल्याने हे दोन कागद सर्रास एकच समजले जातात. परंतु त्यांच्या पुराव्यात आणि आशयात मोठा फरक आहे.

ठराव जून १७७५ मध्येच शेजारच्या साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटनच्या वृत्तपत्रात छापून आले होते. राजाच्या अधिकाराने झालेल्या सर्व नेमणुका रद्दबातल ठरवून त्यांनी रिकामी झालेली जागा तत्काळ भरली. लष्करी तुकड्यांनी आपले अधिकारी स्वतः निवडावेत, प्रत्येक तुकडीने दोन पंच नेमावेत, वीस शिलिंगांपर्यंतचा तंटा एका पंचाने आणि चाळीस शिलिंगांच्या आतला दोघांनी मिळून मिटवावा, इतक्या बारकाईने ही व्यवस्था लिहिलेली आहे. मात्र प्रांतिक काँग्रेस (वसाहतीची प्रतिनिधी सभा) वेगळा आदेश देईपर्यंत किंवा ब्रिटिश संसद आपला अन्याय्य हट्ट सोडीपर्यंतच ती लागू राहणार होती. समेटाचे दार त्यांनी पुरते लावून घेतले नव्हते.

जाहीरनाम्यात असे दार उरतच नाही. पण तो प्रथम छापला गेला १८१९ मध्ये, राज्याची राजधानी रॅले येथील वृत्तपत्रात. मूळ कागद १८०० साली आगीत जळाल्याने मजकूर आठवणीवरून पुन्हा लिहिलेला होता. त्यातील काही शब्दप्रयोग १७७६ च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या राष्ट्रीय जाहीरनाम्याशी जुळतात. त्या राष्ट्रीय जाहीरनाम्याचे लेखक थॉमस जेफरसन यांनी माजी राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांना पत्र लिहून मेक्लेनबर्गचा जाहीरनामा बनावट असल्याचे मत कळवले, आणि बहुतेक इतिहासकारही तो अस्सल मानत नाहीत.

माझ्या मते मात्र येथे ‘बनावट’ हा शब्द फार कठोर आहे. वाद पेटला तेव्हा ठरावांचा छापील मजकूर विस्मरणात गेला होता. त्याचा संक्षेप १८३८ मध्ये आणि पूर्ण मजकूर १८४७ मध्ये पुन्हा हाती लागला. शार्लटमध्ये राजाची सत्ता झुगारली गेली, ही त्या सभेबद्दल साक्ष देणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची आठवण खोटी नव्हती. चार दशकांनंतर कागदाचा आधार नसताना ३१ मेचे ठराव त्यांच्या मनात स्वातंत्र्याची घोषणा होऊन बसले असावेत, हेच मला अधिक पटते.