कोल्हापुरातली नाट्यगृहं आणि संगीत शिक्षण

कोल्हापुरात गाणं शिकायच्या आणि ऐकायच्या जागा पहिल्यापासून एकमेकांना धरूनच आहेत. खासबागचं कुस्ती मैदान, त्याच्या पाठीला पाठ लावून केशवराव भोसले नाट्यगृह आणि तिथून जवळच गायन समाज देवल क्लब, म्हणजे एका फेरीत सगळं बघून होतं. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते, तिथं रोमचं जुनं खुलं प्रेक्षागार त्यांनी बघितलं आणि परत आल्यावर खासबाग आणि त्याला लागून पॅलेस थिएटर उभं केलं. हे थिएटर १९१५ मध्ये सुरू झालं. एकीकडं कुस्त्या आणि भिंतीपलीकडं संगीत नाटक, दोन्हीला राजाश्रय सारखाच.

नंतर या थिएटरला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं. केशवराव कोल्हापूरचेच, जन्म १८९०, अगदी लहान वयात नाटक कंपनीत गेले आणि १९०८ मध्ये स्वतःची ललितकलादर्श नाटक कंपनी काढली. १९२१ च्या जुलैत मुंबईत बालगंधर्वांबरोबर ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग केला आणि त्याच ऑक्टोबरात गेले, वय फक्त ३१. आज जे लोक त्यांचं नाव फक्त बोर्डावर वाचतात त्यांनी एवढं तरी माहीत करून घ्यावं असं मनापासून वाटतं.

शिक्षणाची गोष्ट मात्र अल्लादियाखाँसाहेबांपासूनच सांगावी लागते. १८९५ च्या सुमाराला ते दरबारी गायक म्हणून आले आणि शाहू महाराज असेपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, इथंच राहिले, त्यामुळं त्यांच्या गायकीचं जयपूर-अत्रौली घराणं नावानं उत्तरेचं असलं तरी ते वाढलं कोल्हापुरात. त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँ यांनी इथं गाण्याची तालीम दिली, मल्लिकार्जुन मन्सूर, धोंडूताई कुलकर्णी ही त्यांच्या शिष्यांतली मोठी नावं. या तालमीत वही नाही, गुरूनं म्हणायचं आणि शिष्यानं मागोमाग म्हणायचं, एकच राग महिनोन् महिने. बसंती केदार, सावनी नट असे अनवट, म्हणजे क्वचित ऐकू येणारे, आणि जोड, म्हणजे दोन राग मिळून झालेले, राग पुस्तकातून कळत नाहीत, कुठल्या स्वरावरून एका रागातून दुसऱ्यात उतरायचं ते समोर बसूनच कानात जातं.

देवल क्लब १८८३ चा. मैफली आणि वर्ग एकाच छताखाली चालवणारी ही जुनी संस्था, तिथंच गोविंदराव टेंबे रंगमंदिर आहे. आताचे बहुतेक क्लास, मग ते संस्थेचे असोत नाहीतर गल्लीतल्या एखाद्या बाईंच्या घरचे, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांवर चालतात: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. पहिल्या वर्षाला पोरं भूप, दुर्गा, काफी म्हणतात, बाई पेटीवर काळी चारचा सूर धरतात आणि मोबाईलवर तानपुऱ्याचं अॅप लावतात. परीक्षेनं शिस्त लागते हे खरं, पण जे पोरगं वर्षभरात एकही मैफल पुढं बसून ऐकत नाही त्याचा विशारद कागदावरच राहतो असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना यातच पुढं जायचंय त्यांच्यासाठी शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे.

म्हणूनच ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीची आग एवढी जिव्हारी लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती आणि आदल्या रात्री त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळालं. स्टेज, छत, प्रेक्षागृह सगळं गेलं, खासबागच्या बाजूचं स्टेजसुद्धा. दगडी भिंती तेवढ्या टिकल्या, आणि त्या धरूनच परत उभं करायचं काम हाती घेतलं. नुकसान फक्त इमारतीचं नाही. राज्य नाट्य स्पर्धेला उतरणारी हौशी मंडळं, क्लासचे वार्षिक कार्यक्रम, पहिल्यांदा मोठ्या स्टेजवर उभी राहणारी पोरं, सगळ्यांची हक्काची जागा गेली. दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन उपयोगी पडतं, पण व्याख्यानाच्या हॉलला नाटकाची विंग आणि उंची कुठून येणार.

वाद्यांसाठी कोल्हापूरकर मिरजेला जातात, तासाभराचा रस्ता. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. तानपुरा घ्यायला जाताना गुरूला बरोबर न्यावं, भोपळा बघून नाही तर जवारी, म्हणजे तारांची घुमणारी आस, ऐकून घ्यावा.