कागदावरच्या नांग्या: काडतुसाचा वेग, नळीचा चोक आणि छऱ्यांचा पसारा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या शिवारात फोकून पेरलेला भात उगवून आला की कुठे दाट झालंय आणि कुठे नांग्या, म्हणजे मोकळ्या जागा, पडल्यात, हे बांधावरूनच कळतं. बारा बोअरच्या बंदुकीचे छर्रेही असेच फोकले जातात, पण तिथल्या नांग्या हवेत असतात. समोर कागद लावल्याशिवाय त्या दिसत नाहीत. पीकराखणीची परवान्याची बंदूक बाळगणारे कागद क्वचितच लावतात. बोलणं होतं ते काडतुसाच्या जोराचं, म्हणजे वेगाचं, आणि नेमका जोर हाच यातला सगळ्यांत फसवा आकडा आहे.

आधी चोक. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर असतो. तोंडाजवळच्या शेवटच्या काही सेंटिमीटरांत तो किंचित आवळलेला असतो, त्याला चोक म्हणतात. पाव मिलिमीटर आवळ म्हणजे सैल चोक, अर्धा मिलिमीटर म्हणजे हाफ आणि सुमारे एक मिलिमीटर म्हणजे फुल. काहीच आवळ नसेल तर ती सिलिंडर नळी. नुसतं तोंड मोजून मात्र चोक कळत नाही, कारण मूळ बोअर, म्हणजे आतला व्यासच, नळीगणिक थोडा वेगळा असतो. दोन्ही मापं घेऊन वजाबाकी करावी लागते. कुणी नळी कापून आखूड केली असेल, तर चोक त्या तुकड्याबरोबरच गेला. शिवाय परवानगीवाचून नळी आखूड करणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, तो वेगळाच.

चोक मोजायचं जुनं माप असं: ४० यार्डांवर, म्हणजे ३६.६ मीटरवर, ७६ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात शंभरातले किती छर्रे पडले. सिलिंडरचे साधारण ४०, सैल चोकचे ५०, हाफचे ६०, फुलचे ७०. २८ ग्रॅमच्या काडतुसात २.४ मिलिमीटरचे सुमारे ३५० छर्रे बसतात. म्हणजे त्याच अंतरावर एका नळीतून वर्तुळात १४० पडतात, तर दुसरीतून २४५. जवळ मात्र उलटा तोटा होतो. १५ मीटरवर फुल चोकचा जवळजवळ सगळा मारा सुपाएवढ्या जागेत पडतो आणि नेम जरा हुकला की सगळाच वाया जातो.

आता वेग. एक काडतूस सेकंदाला ३६६ मीटरचं, दुसरं ४११ मीटरचं. फरक ४५ मीटरचा, ऐकायला दांडगा. पण छर्रा हलका आणि गोल असतो. ध्वनीपेक्षा जास्त वेगात हवा त्याला फारच अडवते. ढोबळ हिशेबाने, ४११ वरून ३६६ वर यायला त्याला जेमतेम चार मीटर पुरतात. म्हणजे जास्तीचे पैसे मोजून घेतलेला जोर नळीपासून चार पावलांतच संपतो. ३६ मीटरवर पोचेपर्यंत दोन्ही काडतुसांचा वेग निम्म्यावर आलेला असतो आणि त्यांच्यात दहा-पंधरा मीटरचाच फरक उरतो.

हा जोर फुकट मिळत नाही. दारूचा धक्का जितका मोठा, तितके तळाचे छर्रे वरच्यांच्या भाराखाली चेपतात. शिसं मऊ असेल तर एका बाजूने चपटं होतं. असा छर्रा सरळ जात नाही, भरकटतो किंवा मागे रेंगाळतो. कागदावर मधे नांग्या आणि कडेला तुरळक भोकं दिसू लागतात. शिशात अँटिमनी मिसळून छर्रे कडक केलेले असतील आणि ते प्लॅस्टिकच्या कपात बसवलेले असतील, तर हे बरंच कमी होतं. मऊ छर्रा, जोरदार काडतूस आणि फुल चोक ही सर्वांत वाईट जोडी: आवळ वाढवला तरी टक्का वाढायचा थांबतो, कधीकधी घसरतोही. पोलादी छऱ्यांची गोष्ट वेगळी. ते चेपत नाहीत, म्हणून हाफ चोकमध्येच दाट पडतात. जुन्या फुल चोकच्या नळीतून मात्र ते उडवू नयेत, नळी फुगते.

कागदाची परीक्षा परवाना असलेल्या रेंजवरच घ्यावी. २.४ मिलिमीटरचा छर्रा दोनशे मीटरांच्या आसपास जाऊन पडतो, म्हणून पलीकडे त्याहून बरीच मोकळी जागा हवी. वर्तमानपत्रं चिकटवून १२० सेंटिमीटर चौरस कागद करावा, मधे नेमाचा ठिपका काढावा. वर्तुळ आधी आखू नये. बार झाल्यावर सगळ्यांत दाट भागावर मध्य धरून आखावं, मग आतली भोकं मोजावीत. एका कागदावर विसंबू नये. तीच नळी आणि त्याच खोक्यातली काडतुसं असली तरी टक्का मागे-पुढे होतो. निदान पाच कागद, जमलं तर दहा, आणि त्यांची सरासरी. समुद्रसपाटीवर कुणी काढलेल्या आकड्यांशी ताडून पाहणार असाल, तर बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे हे ध्यानात ठेवा. इथली हवा थोडी विरळ असल्याने छर्रे किंचित कमी पसरतात.

दाट भाग ठिपक्यापासून वीतभर बाजूला पडत असेल, तर आधी काडतुसाला दोष देऊ नका. बऱ्याचदा दस्ता खांद्याला नीट बसत नसतो. दुनळीत दोन्ही नळ्यांचे कागद वेगळे ठेवावेत. बहुतेक दुनळींत पुढचा घोडा उजव्या, सैल चोकच्या नळीचा असतो आणि मागचा डाव्या, आवळ नळीचा. दोन्हींची भोकं एकत्र मोजली, तर जो आकडा निघतो तो कुठल्याच नळीचा नसतो.