भारतातील सौरऊर्जा : धोरण आणि बाजारपेठ

सूर्यप्रकाशापासून तयार झालेल्या विजेची खरेदी-विक्री कशी व्हावी, यासाठी भारतात केंद्र व राज्य सरकारांनी आखलेली चौकट आणि त्या चौकटीत २०१० नंतर उभी राहिलेली बाजारपेठ हा या नोंदीचा विषय आहे. २०१० च्या सुरुवातीला देशात वीजजाळ्याला (ग्रिडला) जोडलेली सौरक्षमता जेमतेम दहा-बारा मेगावॅट होती. मार्च २०१४ अखेर ती सुमारे २.६ गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) आणि मार्च २०२० अखेर ३४.६ गिगावॅट झाली. जानेवारी २०२५ मध्ये तिने १०० गिगावॅटचा टप्पा ओलांडला. क्षमता आणि प्रत्यक्ष मिळणारी वीज यांत मात्र गल्लत होऊ नये. मार्च २०२५ अखेर एकूण स्थापित क्षमतेत सौरऊर्जेचा वाटा साधारण २२ टक्के होता, पण वर्षभरात निर्माण झालेल्या विजेत तो आठ टक्क्यांच्या घरातच होता. ऊन काही तासांचेच असते, त्यामुळे एक मेगावॅटचा सौरप्रकल्प तेवढ्याच क्षमतेच्या औष्णिक संचाइतके युनिट देऊ शकत नाही.

या वाढीचे श्रेय सहसा स्वस्त झालेल्या चिनी पॅनेलना दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. पॅनेल साऱ्या जगासाठीच स्वस्त झाली. भारतात त्याच्या जोडीला वीजखरेदीचा २५ वर्षांचा पक्का करार आणि पैसे बुडणार नाहीत याची हमी आली. ही हमी जिथे डळमळली तिथे प्रकल्प रखडले, मग ऊन कितीही कडक असो.

पायाभरणी

अपारंपरिक ऊर्जेसाठी १९८१ मध्ये केंद्राने आयोग नेमला, १९८२ मध्ये खाते उघडले आणि १९९२ मध्ये स्वतंत्र मंत्रालय स्थापन केले. तरी दोन दशके सौरऊर्जा म्हणजे सौरचूल, सौरकंदील आणि पाणी तापवायचे बंब एवढेच चित्र राहिले. वीज कायदा, २००३ ने विजेचे दर ठरवणाऱ्या राज्य नियामक आयोगांना अधिकार दिला, की वितरण कंपन्यांनी एकूण विजेपैकी ठरावीक हिस्सा अक्षय स्रोतांतून घेणे बंधनकारक करावे. हे बंधन बरीच वर्षे कागदावरच होते. ते न पाळणाऱ्या कंपन्यांना दंड करायला आयोगही फारसे उत्सुक नसत, कारण दंड शेवटी ग्राहकाच्याच बिलात येणार.

पहिले ठोस पाऊल गुजरातने टाकले. त्याच्या २००९ च्या सौर धोरणानुसार सुरुवातीच्या प्रकल्पांना पहिली १२ वर्षे युनिटमागे १५ रुपये आणि पुढची १३ वर्षे ५ रुपये असा दर ठरला. पाटण जिल्ह्यातील चारणका येथे सौर उद्यान उभे राहिले. जमीन, रस्ता आणि पारेषण वाहिनी सरकारने द्यायची व उद्योजकाने फक्त पॅनेल मांडायची, ही उद्यानाची कल्पना पुढे देशभर उचलली गेली. दोन-तीन वर्षांत पॅनेलच्या किमती कोसळल्या, तेव्हा गुजरातच्या वीज कंपनीला १५ रुपये जड वाटू लागले आणि दर कमी करावा म्हणून ती आयोगाकडे गेली. आयोगाने २०१३ मध्ये ती मागणी फेटाळली. तो निकाल उलटा लागला असता, तर पुढच्या दशकात बँकांनी सौरप्रकल्पांना इतक्या सहज कर्जे दिली असती असे वाटत नाही.

केंद्राचे जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान जानेवारी २०१० मध्ये सुरू झाले. उद्दिष्ट होते २०२२ पर्यंत २० गिगावॅट. त्या वेळी केंद्रीय वीज नियामक आयोगाने ठरवलेला दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे होता. इतकी महाग वीज घ्यायला कोणती वितरण कंपनी तयार होणार? त्यावर तोड निघाली. एनटीपीसी या केंद्राच्या वीजनिर्मिती कंपनीच्या व्यापार कंपनीने सौर वीज विकत घ्यायची, केंद्राच्या वाट्याच्या स्वस्त कोळसा विजेत मिसळायची आणि तो मिसळलेला माल राज्यांना विकायचा. एक मेगावॅट सौरमागे एक मेगावॅट कोळसा असे प्रमाण असले, तरी कोळशाचे युनिट कितीतरी अधिक निघत, त्यामुळे सरासरी दर पेलण्याजोगा होई. अभियानाच्या पहिल्या टप्प्यात अर्धा वाटा आरशांनी उष्णता एकवटून वाफ करणाऱ्या सौर औष्णिक तंत्राला दिला होता. त्यातले बहुतेक प्रकल्प झालेच नाहीत, आणि त्या तंत्राचे नाव आता निविदांत क्वचितच दिसते.

उलटा लिलाव

प्रकल्पांना अपेक्षेपेक्षा जास्त अर्ज आल्यावर कोणाला निवडायचे, या पेचातून उलट्या लिलावाची पद्धत आली. सर्वांत कमी दर मागणारा जिंकतो. २०१० च्या पहिल्या फेरीत सर्वांत कमी बोली १०.९५ रुपयांची होती, २०११ अखेरच्या दुसऱ्या फेरीत ७.४९ रुपयांची. फेब्रुवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशातील रीवा येथील ७५० मेगावॅटच्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर २.९७ रुपयांवर आला. मे महिन्यात राजस्थानातील भडला येथे २.४४ रुपये लागले, आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातमध्ये १.९९ रुपये.

रीवाचे उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. तिथली वीज मध्य प्रदेशाबरोबर दिल्ली मेट्रोनेही घेतली. देयके वेळेवर मिळावीत म्हणून पतपत्र (पैसे देण्याची बँकेची हमी), देयक सुरक्षा निधी आणि राज्य सरकारची हमी अशी तीन पदरी व्यवस्था केली होती. पॅनेल बाजारात सर्वांना एकाच भावात मिळत होती. दर खाली आला तो कर्ज स्वस्त झाल्याने, आणि कर्ज स्वस्त झाले ते हमीमुळे. २०११ मध्ये स्थापन झालेले भारतीय सौर ऊर्जा महामंडळ, म्हणजे व्यवहारातले ‘सेकी’, हेच काम देशपातळीवर करते. उद्योजक व वितरण कंपनी यांच्या मधोमध ते उभे राहते आणि थकबाकीदार राज्याची भीती स्वतःवर घेते.

ही भीती काल्पनिक नव्हती. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशात सत्ताबदल झाल्यावर नव्या सरकारने जुने सौर व पवन करार महाग ठरवून दर कमी करण्याचा घाट घातला. उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये उद्योजकांच्या बाजूने निकाल दिला, पण मधली तीन वर्षे कंपन्यांची देयके अडकली. लिलावाची एक खोड अशी, की दर सतत उतरत असले की खरेदीदार थांबून राहतो. आज सही करण्यापेक्षा पुढच्या निविदेची वाट बघू, हे वितरण कंपनीचे गणित चुकीचे नसते. पण ४० गिगावॅटहून अधिक क्षमता लिलावात जिंकूनही करारावाचून पडून असल्याचे चित्र २०२५ मध्ये दिसले, त्यामागे हेच गणित होते.

२०१५ मध्ये २० गिगावॅटचे उद्दिष्ट एकदम १०० वर नेले गेले : ६० जमिनीवर, ४० छतांवर. त्याच वर्षी पॅरिसच्या हवामान परिषदेत भारत व फ्रान्स यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय सौर आघाडीची घोषणा झाली. तिचे मुख्यालय गुरुग्रामला आहे. २०२२ अखेर प्रत्यक्षात ६३ गिगावॅटच्या आसपास मजल गेली. जमिनीवरच्या प्रकल्पांनी बरीच लाज राखली, छतांनी मात्र पार निराशा केली.

स्वस्त की स्वदेशी

धोरणातली सर्वांत जुनी ओढाताण ही आहे. स्वस्त वीज हवी तर पॅनेल बाहेरून आणावी लागतात, आणि देशात कारखाने हवेत तर वीज थोडी महाग पडते. पहिल्या टप्प्यात सिलिकॉनची पॅनेल भारतीयच असावीत अशी अट होती, पण पातळ थराच्या तंत्राला (काचेवर प्रकाश शोषणाऱ्या द्रव्याचा पातळ थर देऊन केलेल्या पॅनेलना) तीतून सूट होती. उद्योजकांनी सरळ तीच वाट धरली आणि अमेरिकन बनावटीची पातळ थराची पॅनेल, तिथल्याच सरकारी बँकेच्या स्वस्त कर्जासह, मागवली. गंमत अशी, की स्वदेशीच्या या अटीविरुद्ध २०१३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली ती अमेरिकेनेच. २०१६ मध्ये अपिलातही भारत हरला.

मग मार्ग बदलला. जुलै २०१८ मध्ये आयातीवर २५ टक्के संरक्षक शुल्क आले आणि एप्रिल २०२२ पासून पॅनेलवर ४० टक्के व सेलवर (पॅनेलमधल्या वीज तयार करणाऱ्या चकत्यांवर) २५ टक्के सीमाशुल्क लागू झाले. सरकारी प्रकल्पांत मान्यताप्राप्त यादीतलीच पॅनेल वापरावीत, हा नियम त्याहून परिणामकारक ठरला, कारण यादीत परदेशी कारखान्यांना जागाच मिळाली नाही. उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत आधी ४,५०० कोटी आणि नंतर १९,५०० कोटी रुपयांची तरतूद झाली. पॅनेल जुळवणारे कारखाने त्यामुळे भराभर वाढले. सेल, त्यामागची वेफर म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती आणि त्यामागचे शुद्ध सिलिकॉन यांसाठी अवलंबित्व अजून चीनवरच आहे. काचेखाली सेल चिकटवून चौकट बसवणे म्हणजे सौर उद्योग उभारणे नव्हे, हे कळायला उशीर झाला. जून २०२६ पासून सेलचीही वेगळी मान्यताप्राप्त यादी लागू करण्याचे ठरले ते यासाठीच.

शेतीची वीज

सौरऊर्जेचा भारतातील सर्वांत वेगळा वापर शेतीत दिसतो. शेतीला थ्री फेज वीज आठ-दहा तासच मिळते, आणि तीही आठवड्यातले काही दिवस रात्रीची. मध्यरात्री विजेरी घेऊन दारे मोडायला, म्हणजे एका वाफ्यातले पाणी दुसऱ्यात वळवायला जाणे, वाफ्यात साप निघणे, उसाच्या पट्ट्यात बिबट्याची भीती, डीपी (शेतातला ट्रान्सफॉर्मर) जळाला की आठवडाभर पिकाकडे बघत बसणे, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. दुसरीकडे शेतीची वीज सवलतीत द्यायची म्हणून उद्योगांकडून जास्त दर घ्यावा लागतो, आणि थकबाकीचा डोंगर वाढत राहतो. दिवसा तयार होणारी स्वस्त वीज या दोन्ही दुखण्यांवर एकदम लागू पडते.

केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ ची. तिचे तीन घटक आहेत : पडीक जमिनीवर ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचे छोटे प्रकल्प, वीजजोडणी नसलेल्या ठिकाणी स्वतंत्र सौरपंप, आणि जोडणी असलेल्या पंपांचे किंवा अख्ख्या वाहिनीचे (उपकेंद्रातून पंपांपर्यंत वीज नेणाऱ्या फीडरचे) सौरीकरण. महाराष्ट्रात सौरपंपासाठी सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के भरावे लागतात. पंप तीन, पाच किंवा साडेसात अश्वशक्तीचा असतो. सकाळी नऊच्या सुमारास पाणी अंग चोरून येते, बारा ते दोन पाइप भरून वाहतो आणि चारनंतर पुन्हा मंदावतो. आभाळ भरून आले की पंप बसतो. पॅनेलवर धूळ साचली की धार बारीक होते, म्हणून ती पुसण्याचे एक काम वाढते. खोल बोअर असेल तर तीन अश्वशक्तीचा पंप पुरा पडत नाही आणि तक्रारींचा मोठा हिस्सा इथूनच येतो. शिवाय पाणी द्यायचे नसते त्या दिवसांत ही सारी वीज वाया जाते.

यावरचा उपाय वाहिनीच्या सौरीकरणात आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही पहिली ठिकाणे. गावठाणाची वाहिनी वेगळी, शेतीची वेगळी, आणि शेतीच्या वाहिनीला उपकेंद्राजवळचा छोटा सौरप्रकल्प जोडायचा. लांबून वीज आणायची नसल्याने गळती कमी होते आणि शिल्लक वीज जाळ्यात जाते. शेतकऱ्याच्या बांधावर काहीच बदलत नाही, फक्त वीज दिवसा येते. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. तीत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ ठरली. वैजापूर तालुक्यातील धोंदलगावचा तीन मेगावॅटचा प्रकल्प तीत सर्वांत आधी सुरू झाला. दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडतो. माझ्या मते देशातल्या सर्व सौर योजनांत ही सर्वांत शहाणपणाची आहे, कारण ती वीज जिथे आणि जेव्हा लागते तिथेच तयार करते.

एक धोका उरतो. फुकटची वीज म्हणजे फुकटचा उपसा, आणि विहिरींची पातळी आधीच खाली गेली आहे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील धुंडी गावात २०१६ मध्ये सौरपंपधारकांची सहकारी मंडळी स्थापन झाली. उरलेली वीज ती वितरण कंपनीला विकते. पाणी विकण्यापेक्षा वीज विकणे परवडले, तर उपसा आपोआप आवरेल हा त्यामागचा विचार. प्रयोग गाजला, पण त्याचा विस्तार रेंगाळला.

छत आणि जमीन

छतावरील सौरऊर्जा मागे पडण्याचे कारण साधे आहे. जास्त बिल भरणारा ग्राहकच छतावर पॅनेल बसवतो आणि वितरण कंपनीचे चांगले गिऱ्हाईक जाते. त्यामुळे नेट मीटरचे (जाळ्यात दिलेली वीज बिलातून वजा करणाऱ्या मीटरचे) अर्ज कार्यालयात रेंगाळत राहिले. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेने एक कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपये ठेवले. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० आणि तीन किलोवॅट व त्यापुढे एकूण ७८,००० रुपये अनुदान थेट खात्यात येते. त्यानंतर मागणी खरोखर वाढली.

मोठ्या प्रकल्पांना मेगावॅटमागे चार-पाच एकर जमीन लागते. कर्नाटकातील पावागडा येथे दुष्काळाने गांजलेल्या पाच गावांतली सुमारे १३,००० एकर जमीन विकत न घेता भाड्याने घेतली. सुरुवातीचे भाडे एकरी वर्षाला २१,००० रुपये. जमीनमालकांना त्यातून स्थिर उत्पन्न मिळाले, पण भूमिहीन मजुरांची रोजंदारी गेली. राजस्थानात ओरण, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली गायराने, प्रकल्पांखाली जाऊ लागली तेव्हा जैसलमेर भागात आंदोलने झाली. तिथेच वीजतारांना धडकून दुर्मीळ माळढोक पक्षी मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो सौम्य करून तज्ज्ञ समितीकडे सोपवला.

सूर्यास्तानंतर

आता अडचण वीज तयार करण्याची नाही, वेळेची आहे. दुपारी सौर वीज इतकी येते की राजस्थानात पारेषण वाहिन्या अपुऱ्या पडून काही प्रकल्पांना उत्पादन थांबवावे लागते. संध्याकाळी सूर्य मावळतो आणि दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे एकदम सुरू होतात. तेव्हा कोळशाच्या संचांना तासाभरात वेग घ्यावा लागतो, आणि ते त्यासाठी बनवलेलेच नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नव्या सौर निविदांत क्षमतेच्या किमान १० टक्के, दोन तासांची साठवण जोडावी असा सल्ला दिला. वेळेनुसार दर ही दुसरी बाजू आहे. २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांत वीज स्वस्त आणि संध्याकाळच्या कमाल मागणीच्या वेळी महाग करायची आहे. त्यासाठी स्मार्ट मीटर लागतो, आणि मीटर बदलण्याला अनेक राज्यांत ग्राहकांचा कडवा विरोध आहे.