सातपुड्याच्या अस्वलाचा समुद्रातला भाऊबंद

चोपड्यात सातवीच्या पोरांना सीलचा व्हिडिओ दाखवत होतो. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हाऊ मासाच शे ना?" दुसरा म्हणाला, मासा नाही, देवमाशाचा भाऊ असेल. मी खिडकीबाहेर सातपुड्याकडे बोट दाखवलं. सीलचे भाऊबंद शोधायचे तर तिकडे, यावलच्या जंगलातल्या अस्वलात.

सुरतेत तीन पिढ्या काढलेल्या घराची भाऊबंदकीही आपण अमळनेरातच मोजतो. प्राण्यांचं वर्गीकरणही तसंच: आज मुक्काम कुठे आहे ते सोडायचं, मूळ पुरुष कोण ते बघायचं. सील, सी लायन आणि वॉलरस हे कुत्रा, अस्वल, पाणमांजर यांच्या बरोबरीने मांसभक्षी गणात बसतात. देवमासा मासे खात असला तरी त्याचं कूळ पाणघोड्याशी जुळतं, म्हणून सीलपेक्षा तो आपल्या गोठ्यातल्या म्हशीला जवळचा! 'मांसभक्षी' हे नावच मुळात फसवं. बांबू चघळणारा पांडाही त्याच गणातला. ध्रुवीय अस्वल आणि समुद्री पाणमांजर हेही या गणाचेच, फक्त ते वेगवेगळ्या वाटांनी समुद्राकडे गेले.

पिनिपेड, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांचे हे प्राणी, आज सुमारे ३३ जातींचे आहेत आणि त्यांची कुळं तीन. ओळखायचं तर आधी कान बघा. सी लायनला बाहेरून इवलासा कान दिसतो, तो मागचे पाय पोटाखाली वळवून जमिनीवर चक्क चालतो आणि पाण्यात पुढच्या पायांनी वल्हवतो. खऱ्या सीलला कानाच्या जागी नुसतं भोक. जमिनीवर तो पोटावर सरपटतो, पाण्यात मात्र मागच्या पायांच्या जोरावर सुसाट सुटतो. तिसऱ्या कुळात एकटा वॉलरस उरलाय. त्याचे लांबलचक दात म्हणजे वरचे सुळे, आणि ते मादीलाही असतात.

खऱ्या सीलमधला सगळ्यात मोठा हत्तीसील. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून जेवढं वर आहे, त्याच्या जवळजवळ दुप्पट खोल तो बुडी मारू शकतो. गंमत म्हणजे बुडी घेण्याआधी तो श्वास भरून घेत नाही, उलट सोडून देतो. ऑक्सिजनचा साठा असतो रक्तात आणि स्नायूंत, आणि बुडीत हृदयाचे ठोकेही मंदावतात.

मला मात्र जास्त थक्क करतं ते दूध. डेअरीत म्हशीच्या दुधाला सात फॅट लागली की आपण खूश. उत्तर अटलांटिकच्या बर्फावर राहणाऱ्या हूडेड सीलच्या दुधाला साठच्या आसपास लागते! ते दूध कसलं, पातळ केलेलं लोणीच. पिल्लू ते जेमतेम चार दिवस पितं आणि तेवढ्यात त्याचं वजन दुप्पट होतं. सस्तन प्राण्यांत इतक्या कमी दिवसांत अंगावरून सुटणारं दुसरं पिल्लू नाही. घाई असणारच, कारण ज्या बर्फाच्या लादीवर बाळंतपण झालं ती कधी फुटेल याचा नेम नसतो. एवढे दिवस आई स्वतः उपाशी असते.

जमिनीवरचा प्राणी समुद्रात गेला तरी कसा? कॅनडाच्या डेव्हॉन बेटावर २००७ मध्ये एक सांगाडा सापडला. दोन कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा. पुढे त्याला डार्विनच्या स्मरणार्थ 'पुइजिला डार्विनी' हे नाव दिलं. चार धड पाय, लांब शेपूट, बोटांमध्ये पडदा असावा अशी ठेवण, एकंदर रूप पाणमांजराचं. तो सापडला तो एका जुन्या तळ्याच्या गाळात. त्यामुळे हे कूळ आधी गोड्या पाण्यात उतरलं आणि मग खाऱ्या, असं संशोधकांना वाटतं.

आज फक्त गोड्या पाण्यात राहणारी सीलची एकच जात आहे, सैबेरियातल्या बैकल सरोवरात. चोपड्याहून समुद्र जेवढा लांब, त्याच्या कितीतरी पट तिथून लांब आहे.