बंद नळीतला साका

माझ्या पीसीचा प्रोसेसर पंख्याऐवजी नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्याने थंड होतो. दोन वर्षं ते निळं पाणी गुमान फिरत होतं. मग व्हिडिओ रेंडर करताना प्रोसेसरचं तापमान 68 अंशांवरून 85 वर जायला लागलं. पंखे पुसले, पाण्यातली उष्णता हवेत सोडणाऱ्या रेडिएटरमधली धूळ ब्लोअरने उडवली. फरक शून्य. शेवटी प्रोसेसरवरचा वॉटर ब्लॉक, म्हणजे त्याची उष्णता पाण्यात उतरवणारा ठोकळा, उघडला. आतल्या तांब्याच्या पट्टीवर बारीक खाचा कोरलेल्या असतात, प्रत्येकीची रुंदी अर्ध्या मिलिमीटरहून कमी. त्या खाचा पांढरट, बुळबुळीत साक्याने बुजल्या होत्या.

तेवढंच आकारमान घेतलं तर पाणी हवेच्या साधारण साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतला ‘परम ब्रह्म’ महासंगणकही द्रवानेच थंड ठेवतात. पण पाणी खाचांतून वाहिलंच नाही, तर हा सगळा हिशेब कागदावरच.

लूप, म्हणजे पाण्याचा फिरता मार्ग, तर बंद. मग घाण आली कुठून? नळीतून! मऊ पीव्हीसी लवचीक राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळतात. महिनोन्‌महिने कोमट पाणी फिरलं की तो हळूहळू झिरपतो आणि सगळ्यात चिंचोळ्या जागी, म्हणजे ब्लॉकमध्ये, अडकतो. पारदर्शक नळी दुधाळ दिसू लागली की ओळखायचं. काळ्या ईपीडीएम रबराच्या नळीला हा त्रास नाही. दिसते मात्र बागेतल्या पाइपसारखी.

धातूंचं भांडण याहून वाईट. ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर स्वस्तातला अ‍ॅल्युमिनियमचा घेतलात, तर लूपची बॅटरीच होते. दोघांच्या विभवात कागदोपत्री सुमारे 2 व्होल्टचा फरक, मधे पाणी. झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. ‘डिस्टिल्ड पाण्यातून वीज वाहत नाही, गळलं तरी काळजी नको’ हेही खरं नाही. फिरता फिरता ते धातूंचे आयन उचलतं आणि मग वीज वाहू लागते. नळाचं पाणी तर नकोच. गीझरच्या कॉइलवर जो क्षार धरतो, तोच इथे धरेल. पारदर्शक टाकीवर ऊन येत असेल, तर शेवाळही आलंच.

ब्लॉक धुवायला जुना, मऊ टूथब्रश आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पुरतात. ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवायचा. तांबं काळवंडलं असेल, तर पाणी घातलेलं व्हिनेगर. आजी हंडा चिंचेने घासायची, त्यातली रसायनं हीच: आम्ल तांब्याचं ऑक्साइड विरघळवतं. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तेही आम्लामुळेच, म्हणून व्हिनेगर लावून विसरायचं नाही. काही मिनिटांत स्वच्छ धुवायचं. निकेलचा मुलामा असेल तर आम्ल दूरच ठेवा. अ‍ॅक्रिलिकच्या झाकणाला स्पिरिट लावू नका, केसासारखे तडे जातात. (हे मी झाकण गमावून शिकलो.)

रेडिएटरमध्ये गरम डिस्टिल्ड पाणी भरून हलवायचं, ओतायचं, आणि पाणी नितळ येईपर्यंत हेच करत राहायचं. नवा रेडिएटरही असाच धुवावा. त्यात डाग देताना लावलेला आणि उरलेला फ्लक्स (डाग नीट धरावा म्हणून लावतात तो पदार्थ) असतो.

तयार सीलबंद कूलर असेल, तर तो उघडायचा नसतो. बाहेरची धूळ काढली की झालं.

भरताना पंप एक क्षणही कोरडा चालवू नका. त्याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं. मदरबोर्डला वीज न देता फक्त पंप चालवायचा, म्हणून पॉवर सप्लायच्या 24 पिनच्या प्लगला जम्पर, म्हणजे दोन पिन जोडणारी तार, लावला. कॅबिनेट इकडेतिकडे कलवून बुडबुडे काढले. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवला आणि पंप चालू ठेवून झोपलो.

सकाळी एकच टिश्यू ओला होता, पंपाशेजारचा. फिटिंग उघडून पाहिलं, तर घाईत बसवलेली ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, आट्यांत चिमटली होती.