डिस्क विभाजन, ड्युअल बूटसाठी

एकाच हार्ड डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम, उदाहरणार्थ विंडोज व लिनक्स, ठेवता याव्यात म्हणून डिस्कवरील जागेचे स्वतंत्र भाग, म्हणजे पार्टिशन, पाडणे. संगणक सुरू करताना दोहोंपैकी एक प्रणाली निवडली जाते. पार्टिशन पाडल्याने डिस्कवर प्रत्यक्ष कसलीही भिंत उभी राहत नाही. कोणता भाग कोणत्या सेक्टरपासून (डिस्कवरील साठवणीच्या ठरावीक लहान तुकड्यापासून) सुरू होतो व किती लांब आहे, एवढीच नोंद एका छोट्या तक्त्यात केलेली असते आणि ती प्रत्येक प्रणालीने पाळावी, असा संकेत आहे. ड्युअल बूटमधील बरेच अपघात हा संकेत एका प्रणालीने न पाळल्यामुळे, किंवा दोघींनी एकाच नोंदीचा वेगवेगळा अर्थ लावल्यामुळे होतात.

उगम : पीसीवरील विभाजन तक्त्याचा आरंभ सामान्यतः पीसी डॉस २.० या ऑपरेटिंग सिस्टिमपासून धरतात. ही आवृत्ती मार्च १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर आली. मोठ्या संगणकांवर आणि युनिक्सवर डिस्कचे भाग पाडण्याची रीत त्याआधीपासून होती, पण तेथे ते बहुधा एकाच प्रणालीच्या सोयीसाठी असत. एक्सटीवरील तक्ता मुळात कशासाठी होता, याविषयी दोन मते आढळतात. डॉसच्या फाइल व्यवस्थेला मोठी डिस्क पेलत नव्हती म्हणून तिचे तुकडे करावे लागले, हे एक मत. डॉसच्या शेजारी सीपी/एम-८६ किंवा झेनिक्ससारखी दुसरी प्रणाली नांदावी म्हणून तो आखला गेला, हे दुसरे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. एक्सटीची डिस्क १० मेगाबाइटची होती आणि ती सगळी डॉसला एकाच भागात वापरता येत होती. शिवाय डॉस २.० मधील एफडिस्क या विभाजनाच्या साधनाला एका डिस्कवर डॉसचा एकच भाग करता येई, तरीही तक्त्यात जागा चार नोंदींची होती. प्रत्येक नोंदीत ‘सक्रिय’ भागाची खूण ठेवण्याची सोय होती. एफडिस्कने ती खूण दुसऱ्या भागावर न्यायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा, की दुसरी प्रणाली उघडे. पहिल्या मताला आधार मिळतो तो नंतरच्या काळातून. डॉस ३ मालिकेत एका भागाची कमाल मर्यादा ३२ मेगाबाइट होती, डिस्क त्याहून मोठ्या येऊ लागल्या आणि एक्स्टेंडेड पार्टिशन, म्हणजे पोटात आणखी उपभाग ठेवता येणारा भाग, आवश्यक झाले. त्याचा आरंभ कोणी ३.२ आवृत्तीपासून मानतात, कोणी १९८७ च्या ३.३ पासून, एफडिस्कमधील सोय पाहता ३.३ धरणे बरे.

एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड) : या जुन्या पद्धतीत सगळा व्यवहार डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर चालतो. त्यातले पहिले ४४६ बाइट बूट कोडचे, म्हणजे संगणक सुरू होताना प्रणाली उघडू लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे, पुढचे ६४ बाइट विभाजन तक्त्याचे (१६ बाइटच्या चार नोंदी) आणि शेवटचे दोन बाइट ओळखखुणेचे. नोंदीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जात असल्याने ५१२ बाइटच्या सेक्टरवर सुमारे २ टेराबाइटपलीकडची जागा तक्त्याला दिसतच नाही. भागाचा प्रकार सांगायला फक्त एक बाइट असतो, आणि तो वाटून देणारी कोणतीही अधिकृत संस्था नव्हती. परिणामी हेक्साडेसिमल ८२ हा संकेतांक लिनक्सच्या स्वॅपसाठीही (रॅमला पूरक म्हणून वापरायच्या डिस्कवरील जागेसाठी) वापरला गेला आणि इंटेल प्रोसेसरवरील सोलारिस या युनिक्स प्रणालीसाठीही. या दोन प्रणाली एकाच डिस्कवर ठेवणाऱ्याला हा घोळ विशेष जपून हाताळावा लागे.

बूट कोडची जागा एकच असल्याने ती कोणाच्या ताब्यात, हाच ड्युअल बूटमधला खरा प्रश्न होता. विंडोजचा इन्स्टॉलर तेथे आपला कोड लिहितो आणि दुसऱ्या प्रणालीची चौकशी करत नाही. लिनक्सचा ग्रब हा बूट लोडर (प्रणाली निवडून सुरू करणारा प्रोग्राम) मात्र विंडोजला आपल्या यादीत घेऊ शकतो. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा नियम त्यातून रूढ झाला. ग्रबचा मोठा भाग ४४६ बाइटमध्ये मावत नसल्याने तो पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या रिकाम्या सेक्टरांत ठेवला जातो. ही जागा तक्त्यात कोणाच्याच नावावर नसते, त्यामुळे दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने तेथे लिहिले की ग्रब बिघडतो.

जीपीटी (जीयूआयडी पार्टिशन टेबल) : इंटेलने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हाती घेतलेल्या ईएफआय या बूट पद्धतीबरोबर (तिचे पुढचे रूप यूईएफआय) ही मांडणी आली, २००५ पासून तिचे प्रमाणीकरण यूईएफआय फोरमकडे आहे. तक्त्यात सामान्यतः १२८ नोंदी मावतात, त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते आणि दोन्हींना सीआरसी३२ पडताळणी (नोंद बिघडली का ते ओळखणारा आकडा) असते. प्रकारासाठी एका बाइटऐवजी १२८ बिटांचा ओळखक्रमांक आला, तरी गोंधळ लगेच संपला नाही. लिनक्समधील साधने बराच काळ आपल्या डेटा पार्टिशनला मायक्रोसॉफ्टच्या साध्या डेटा पार्टिशनचाच क्रमांक देत. विंडोजला तो भाग आपला वाटे, पण आतली फाइल व्यवस्था वाचता येत नसे. मग पडद्यावर विचारणा येई की डिस्क फॉरमॅट करायची का. अशा वेळी ‘हो’ म्हटले की संपूर्ण लिनक्स जाण्याची भीती. २०११ च्या सुमारास लिनक्सने स्वतंत्र क्रमांक घेतला, आणि हा धोका नव्याने केलेल्या विभाजनापुरता टळला.

यूईएफआय संगणकावर बूट कोडच्या जागेवरून भांडण उरत नाही. फॅट फाइल व्यवस्थेचे एक छोटे ईएसपी (ईएफआय सिस्टिम पार्टिशन) असते, त्यात प्रत्येक प्रणाली आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये आपला लोडर ठेवते आणि क्रम मदरबोर्डच्या स्मृतीत नोंदला जातो. विंडोज स्वतः केलेले ईएसपी बहुधा १०० मेगाबाइटचे ठेवते. लिनक्सचे कर्नलही (प्रणालीचा गाभा) त्यातच ठेवायचे असतील तर ते अपुरे पडते.

प्रत्यक्ष विभाजन : विंडोज आधीपासून असेल तर तिचे पार्टिशन तिच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करणे सर्वांत सुरक्षित, ही सोय व्हिस्टापासून आहे. पार्टिशनमध्ये भरपूर जागा मोकळी दिसत असूनही ते पुरेसे लहान होत नाही, असे पुष्कळदा घडते, कारण पेजफाइल (रॅमला पूरक म्हणून विंडोज वापरते ती फाइल) किंवा एनटीएफएस या विंडोजच्या फाइल व्यवस्थेच्या मुख्य तक्त्याचा एखादा तुकडा मधोमध असतो आणि तो चालू विंडोजला हलवता येत नाही. बिटलॉकर (विंडोजची डिस्क-कूटबद्धीकरणाची सोय) असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवावी. बॅकअपविना यातले काहीच करू नये.

विंडोज ८ (२०१२) पासूनच्या फास्ट स्टार्टअप या जलद सुरू होण्याच्या सोयीमुळे संगणक बंद केला तरी एनटीएफएस भाग अर्धवट उघडा राहतो. त्या अवस्थेत लिनक्सने त्यात लिहिले तर फाइल खराब होऊ शकतात, म्हणून लिनक्स असा भाग बहुधा केवळ वाचण्यापुरता जोडते. सामायिक डेटासाठी वेगळे पार्टिशन केले तरी ही सोय बंदच ठेवणे श्रेयस्कर.

मॅकवर विंडोजसाठी ॲपलने २००६ मध्ये बूट कॅम्प हे सॉफ्टवेअर आणले; २०२० पासूनच्या स्वतःच्या प्रोसेसरवरील मॅकमध्ये ते चालत नाही.