ट्रिम बदलायचा की इंजिनाची उंची?

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा फुगवटा अंभोऱ्यापर्यंत आला, तेव्हापासून तिथे इंजिनाच्या बोटी वाढल्या. मी नागपूरहून सुट्टीच्या दिवशी तिकडे जातो आणि ओळखीच्यांची आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची, इंजिनं बघून देतो. मागच्या खेपेला एका ढिवर (मासेमार) भावाने हाक मारली. "भाऊ, इंजिन नुसतं बोंबलते, बोट काही पळत नाही. वळणावर तर लईच." बोट १४ फुटी, फायबरची; इंजिन १५ हॉर्सपॉवरचं. ट्रिमची, म्हणजे इंजिनाचा कोन बदलायची, पिन त्याने आत घेऊन पाहिली, बाहेर काढून पाहिली, फरक पडला नव्हता. पडणारही नव्हता, कारण बिघाड उंचीचा होता.

या दोन गोष्टींची गल्लत फार होते. दोन्हींत इंजिनच हलतं, आणि चुकलं की बरेचदा दोन्हींत तेच होतं: पंखा (प्रोपेलर) हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि बोट जागच्या जागी राहते.

उंची म्हणजे मागच्या फळीवर इंजिन किती वर किंवा खाली बसलंय ते. ती काठावरच मोजायची. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते, तिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. खरं तर वरची हवा पंख्यात शिरू नये म्हणून ती असते. इंजिन असं धरा की ही प्लेट तळाला समांतर राहील. मग एक सरळ पट्टी बोटीच्या तळाला, मधोमध, टेकवून मागे काढा. प्लेट पट्टीच्या रेषेत किंवा फार तर इंचभर वर हवी. त्या भावाच्या बोटीला ती अडीच इंच वर निघाली. फळीची वरची कड कुजली म्हणून त्याने तिच्यावर लाकडाची चीप ठोकली होती आणि इंजिन त्या चिपेवर चढवलं होतं.

इंजिन खाली बसलं तर बोंबलत नाही, म्हणून ती चूक वर्षानुवर्षं कळत नाही. खालचा जाड भाग पाण्यात जास्त बुडतो, पाणी अडवतो, मागे फवारे उडतात आणि पेट्रोल जातं. १५ इंची फळीवर २० इंची, म्हणजे लाँग शाफ्ट, इंजिन लावलेली बोट पाहा. प्लेट तळाच्या पाच इंच खाली असते. म्हणून वेगासाठी इंजिन थोडं वर घेतात. पण दरवेळी अर्धा इंचच, आणि मागून पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेवर नजर ठेवून. धार तुटायला लागली की थंड करणारं पाणी नीट ओढलं जात नाहीये. तिथून लगेच खाली या.

ट्रिम म्हणजे कोन. छोट्या इंजिनाला ब्रॅकेटच्या भोकांतली पिन तो ठरवते. पिन आत घेऊन इंजिनाचा खालचा भाग फळीकडे घेतला की पंख्याचा झोत थोडा खाली जातो, मागची बाजू उचलली जाते आणि तोंड दबतं. बोट पटकन पाण्यावर उठून पळायला लागते, लाटांत कमी आपटते. पण पूर्ण वेगात तोंड पाण्यात रुततं आणि हँडल जड होतं. बाहेर काढला की तोंड वर येतं, तळ कमी घासतो, वेग वाढतो. फार बाहेर गेलं की बोट बेडकासारखी उड्या मारते आणि वळणावर पंखा हवा ओढतो. इथेच माणूस फसतो, कारण उंची जास्त असली तरी हेच दिसतं.

ओळखायचं असं: पिन आत घेतल्यावर बोंबलणं थांबलं, तर ट्रिम चुकला होता. पिन पूर्ण आत असूनही साध्या वळणावर इंजिन किंचाळलं, तर आधी उंची मोजा. (पंखा चेपला असेल किंवा त्याचं रबरी बुश घसरत असेल तरीही असंच वाटतं, तेही बघून घ्या.) म्हणून मी उंची पक्की केल्याशिवाय पिनला हात लावत नाही.

मग पिन, एकावेळी एकच भोक. इंजिन बंद करून, लाइफ जॅकेट घालून, किल स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी मनगटाला बांधून. माणसं आणि पेट्रोलची टाकी रोज जिथे असते तिथेच ठेवा; एकटे बसून जुळवलेला ट्रिम मागे दोन माणसं आणि जाळं आलं की बिघडतो. एवढं करूनही बोट सरळ चालताना हँडल एका बाजूला ओढत असेल, तर प्लेटखालचं छोटं पातं बघा. बोट उजवीकडे जात असेल तर पात्याचं मागचं टोक उजवीकडे वळवायचं, डावीकडे जात असेल तर डावीकडे. सगळ्या इंजिनांना ते पातं नसतं.

त्या भावाची चीप काढली, प्लेट तळाच्या अर्धा इंच वर आली, पिन मधल्या भोकात ठेवली. नद्यांच्या संगमाकडे वळतानाही पंख्याने पाणी सोडलं नाही. कुजलेली कड मात्र तशीच आहे, क्लॅम्पचे स्क्रू तिच्यात रुतत चाललेत. फळी बदलेपर्यंत पूर्ण वेगाने पळवू नको, असं त्याला बजावून आलोय, आणि पुढच्या खेपेला सागवानाचा तुकडा नेणार आहे.